जीपच्या दाराचे रबर

मृग लागायच्या आधी आपण घराची कौले चाळतो. गळकी जागा शोधतो. फुटके कौल काढून नवे घालतो. हे काम कोणी सांगावे लागत नाही. पण दारात गाडी उभी असते. तिच्याकडे त्या दिवसांत कोण पाहतो? पहिल्या पावसात पाय ओले झाले, म्हणजे मग गाडीची आठवण येते.

आमच्या भागात वडापची एक जीप आहे. गाडी जुनी आहे. टप पत्र्याचा आहे. गाव ते तालुका अशा दिवसाला चार खेपा होतात. त्या खेपांवर जीपवाल्याचे घर चालते. एकदा जून महिन्यात एका शेतकऱ्याने बाजारातून सोयाबीनचे बियाणे आणले. गाडीतून उतरला तेव्हा रात्र झाली होती. पाऊस कोसळत होता. तो म्हणाला, "दादा, पिशवी गाडीतच राहू दे. सकाळी नेतो." पिशवी पुढच्या दाराजवळ खाली ठेवली होती. सकाळी पाहतात तो पिशवीचे बूड भिजलेले. खालचे बी टम्म फुगलेले. फुगलेले बी पेरून काय उपयोग? जीपवाल्याने पिशवीचे पैसे भरून दिले. चार दिवसांची कमाई एका रात्रीत गेली.

मग तो दुकानात गेला. दाराचे नवे रबर आणले. जुन्या रबरावरच ते चिकटवले. आता दार लागेना! जोराने आपटावे तेव्हा लागे. आणि पुढचा पाऊस आला तेव्हा पाणी पुन्हा आत होते ते होतेच.

तालुक्याला एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. जीपवाला त्यांच्याकडे गेला.

"चाचा, नवं रबर घातलं, तरी पाणी येतंय."

"येतंय कुठनं, ते बघितलंस का आधी?"

"दारातनं येतंय."

"दारातनं म्हणजे कुठनं? दार काय सुईचं भोक आहे होय रे?"

जीपवाला गप्प बसला. चाचा खाली उकिडवे बसले. दाराच्या खालच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. तिथे तीन बारीक भोके होती. तिन्ही चिखलाने बुजलेली. चाचांनी तार घेतली आणि एकेक भोक उकरले. दाराच्या पोटातून तांब्याभर गढूळ पाणी भळाभळा खाली पडले. जीपवाला पाहतच राहिला.

ही गोष्ट नीट समजून घ्या. गाडीचे दार भरीव नसते. दोन पत्र्यांच्या मध्ये ते पोकळ असते. काच खाली केली म्हणजे ती त्याच पोकळीत उतरते. पाऊस काचेवरून ओघळतो आणि थोडा पोकळीत जातो. तो जायचाच. गाडी बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणून तर दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात. आत गेलेले पाणी त्यांतून बाहेर पडावे, ही योजना. भोके बुजली की दाराचे पोट भरते. मग ते पाणी आतल्या बाजूने गाडीत सांडते. आणि दाराचा पत्रा आतून सडतो तो वेगळाच. दाराच्या आतल्या अंगाला पुठ्ठा असतो. त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. तो फाटला असेल तरी पाणी आत येते. कागद नवा लावावा आणि त्याचे खालचे टोक दाराच्या पोकळीत सोडावे, म्हणजे पाणी पुन्हा पोकळीतच उतरते.

तेव्हा पहिले काम तारेचे. त्याला पैसा लागत नाही. रबराकडे वळायचे ते यानंतर.

आता रबर कुठे गळते ते कसे ओळखावे? चाचांनी जीपवाल्याला तीन युक्त्या दाखवल्या. त्या कोणालाही जमतील.

रात्री अंधारात एकाने गाडीत बसावे. सगळी दारे लावून घ्यावीत. हातात बॅटरी घेऊन दाराच्या कडेकडेने हळूहळू फिरवावी. दुसऱ्याने बाहेरून पाहावे. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे.

दुसरी युक्ती कागदाची. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद पट्टी फाडा. ती दारात धरून दार लावा. मग पट्टी ओढा. ती अडून अडून यायला हवी. सहज सुटून आली तर तिथे रबराचा दाब नाही. वीत वीत अंतरावर सगळ्या दाराभोवती असे करा. जिथे दाब नाही तिथे खडूने खूण करा. उजेड दिसत नाही पण पट्टी सुटून येते, अशाही जागा निघतात. गाडी उभी असताना तिथून पाणी येणार नाही. धावत्या गाडीला वारा लागला की येईल.

तिसरी युक्ती पाण्याची. येथे बहुतेक लोक चुकतात. बादली घेऊन टपावर ओततात. पाणी सगळीकडून वाहते आणि कुठून शिरले ते काही कळत नाही. पाणी खालून वर न्यावे. आधी दाराच्या खालच्या कडेवर ओता. आत बसलेल्याने कोरडे फडके फिरवून पाहावे. कोरडे असेल तर वीतभर वर जा. पुन्हा ओता. असे करत वरच्या कोपऱ्यापर्यंत जा. जिथे फडके ओले झाले तीच गळकी जागा. दार सगळे कोरडे राहिले आणि तरीही पावसात पायाखाली पाणी येते, तर समोरच्या काचेचे रबर तपासा. त्या काचेखालून शिरलेले पाणी आतल्या आत ओघळून पायाशी येते आणि आळ दारावर येतो.

जीपवाल्याच्या दाराला मागच्या वरच्या कोपऱ्यात फट निघाली. चार बोटे रबर फाटले होते आणि त्याखालचे वीतभर चपटे झाले होते. म्हणजे दोष दोन होते. भोके बुजली होती आणि रबरही गेले होते.

रबर का जाते? मूळचे रबर म्हणजे झाडाचा चीक. आपल्या देशात रबराची झाडे सर्वांत जास्त केरळात आहेत. नुसता चीक वाळवला तर उन्हात चिकट होतो आणि थंडीत ताठर होतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाला असे आढळले की, रबरात गंधक घालून तापवले की ते टिकाऊ होते. तेव्हापासून रबर खरे कामाचे झाले. तरी ऊन त्याला कडक करते. हवेत ओझोन नावाचा वायू थोडा थोडा असतो. तो ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. ताणलेल्या, हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे लागेल. हल्ली दारांना ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर वापरतात. ते ऊन आणि ओझोन जास्त सोसते. दुकानात मिळाले तर तेच घ्यावे.

आणखी एक शत्रू आहे, तो आपण हाताने आणतो. दार करकरले की काही जण रबराला ग्रीस नाहीतर इंजिनचे तेल फासतात. काही जण रबर डिझेलने पुसतात. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि सुटते. रबर साबणाच्या पाण्याने धुवावे. वाळले की अंगाला लावायची पावडर चोळावी. बस्स.

आता दुरुस्ती. त्याआधी एक पाहा. दार अर्धे उघडा आणि खालून दोन्ही हातांनी वर उचला. दार खालीवर हलले तर बिजागरीची खीळ झिजली आहे. असे दार खाली बसते आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. त्याला कसलेही रबर लावा, गळणारच. आधी बिजागरी करून घ्या.

रबर फक्त दोन-तीन बोटे फाटले असेल, तर नवे घ्यायची घाई नको. जागा धुऊन वाळवा. फाटलेल्या दोन्ही तोंडांना सोल्यूशन लावा, सुकू द्या, जुळवून दाबा आणि रात्रभर वरून चिकटपट्टी बांधून ठेवा. रबर चपटे झाले असेल आणि ते आतून पोकळ असेल, तर त्यात बारीक रबरी नळी ओवून एक पावसाळा काढता येतो. पण रबर कडक होऊन त्याला चिरा पडल्या असतील, तर पूर्णच बदला.

दुकानात जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून न्या. कमी दबलेला तुकडा घ्या, म्हणजे खरी जाडी कळेल. जाड रबर घेतले तर दार लागत नाही. बारीक घेतले तर दाब येत नाही. लांबी सुतळीने मापा. रबर दोन जातींचे असते. एकाच्या पोटात पत्र्याची पकड असते. ते दाराच्या चौकटीच्या कडेवर नुसते ठोकून बसवतात. दुसरे सोल्यूशनने चिकटवतात. जीपवाल्याचे चिकटवायचे होते.

जुने रबर सगळे काढा. जुन्यावर नवे कधीही लावू नका. जीपवाल्याचे दार याचमुळे लागत नव्हते. खाली वाळलेले सोल्यूशन राहते. ते खरवडा आणि उरलेले पेट्रोलच्या फडक्याने पुसा. हे काम उघड्यावर करा. तेव्हा बिडी नको, चूल जवळ नको. गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा. त्यावर रेड ऑक्साइड लावा, वाळला की रंग द्या. रंग पुरता वाळू द्या. जीपवाल्याला एक दिवस खेपा बंद ठेवाव्या लागल्या. त्याला ते जड गेले. पण ओल्या रंगावर रबर लावले तर रंगासकट सुटून येते.

नवे रबर आधी कोरडेच लावून पाहा. जोड दाराच्या खालच्या कडेला आला पाहिजे. वर आला तर पाऊस थेट त्यात शिरेल. चार-पाच ठिकाणी रबरावर आणि पत्र्यावर खडूच्या समोरासमोर खुणा करा. मग दोन्हींना पातळ सोल्यूशन लावा. दहा-पंधरा मिनिटे थांबा. बोट लावले तर चिकटू नये, इतके सुकावे. ओलेपणी चिकटवाल तर धरणार नाही. आता खुणेला खूण जुळवून दाबत चला. एकदा टेकले की सरकत नाही, म्हणून घाई नको.

कोपरा आला की हात आपोआप रबर ओढतो. नेमके तेच करायचे नाही. मघाशी सांगितले, ताणलेल्या रबराला चिरा पडतात. शिवाय ताणलेले रबर आपल्या मूळ लांबीवर यायला पाहते आणि जोड उघडा पडतो. कोपऱ्यात उलट थोडे रबर आत लोटा. शेवटी रबर बोटभर जास्त ठेवून सरळ कापा. पात्याला साबणाचे पाणी लावले की काप स्वच्छ येतो. दोन्ही तोंडांना सोल्यूशन लावा आणि एकमेकांवर दाबून बसवा. पोकळ रबराला अंगावर बारीक छिद्रे असतात. दार लागताना आतली हवा त्यांतून जाते. ती बुजवू नका.

दार हळूच लावून रात्रभर तसेच ठेवा. नवे रबर पहिले काही दिवस दाराला अडवते. फारच अडले, तर चौकटीवरचा कुलपाचा खुंटा थोडा बाहेर सरकवतात. सरकवण्याआधी त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, नाहीतर मूळ जागा सापडत नाही. अर्धे सूत पुरे. रबर बसले की तो पुन्हा रेघेवर आणा.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कागदाची पट्टी घेऊन सगळे दार तपासले. खालच्या पुढच्या कोपऱ्यात पट्टी सैल आली.

"एवढ्यानं काय होतंय चाचा? राहू द्या."

"पिशवी कुठं ठेवली होतीस रे त्या रात्री?"

जीपवाल्याने मुकाट्याने सोल्यूशनचा डबा उघडला.