पिझ्झा वरवर बघू नका

“डॉक्टर, पिझ्झा चालेल का?” हे विचारताना बहुतेकांचा आवाज जरा खाली येतो. बरोबर बायको किंवा मुलगी असेल तर तिच्याकडे बघणं टाळतात. आणि मी काही बोलायच्या आत पुस्ती जोडतात, “व्हेजच असतो हो, भरपूर भाज्या घालून!”

त्या भाज्यांबद्दलच आज बोलायचं आहे. पिझ्झ्याला नाव मिळतं ते वरच्या टॉपिंगवरून. शरीराला मात्र हिशेब चुकवावा लागतो तो खालच्या पिठाचा, मधल्या चीजचा आणि सगळीकडे मुरलेल्या मिठाचा. ढोबळी मिरचीच्या चार चकत्या आणि मूठभर मक्याचे दाणे या हिशेबात फारसा फरक पाडत नाहीत. मका तर पिष्टमयच, म्हणजे मैद्याच्याच बाजूचा.

म्हणून “चालेल का” या प्रश्नावर माझा पहिला प्रश्न असतो, कोणता पिझ्झा? कारण या एकाच नावाखाली फार वेगवेगळे पदार्थ येतात.

इटलीतल्या नेपल्स या मूळ गावचा मरिनारा घ्या. त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल एवढंच असतं, चीज औषधालाही नाही. मार्गरीटावर टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलची पानं. 1889 साली राणी मार्गरीटासाठी तो पहिल्यांदा केला गेला अशी गोष्ट सांगतात. इतिहासकारांना ती तितकीशी पटत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अस्सल नेपल्सी पिझ्झा कसा असावा याचे नियम करणारी संस्था तिथे 1984 पासून आहे, आणि पिझ्झा करणाऱ्या कारागिरांची कला 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली. लाकडाच्या भट्टीचं तापमान साडेचारशे अंशांच्या आसपास आणि भाजायचा वेळ साठ ते नव्वद सेकंद. इतक्या झटपट भाजल्यामुळे कड टम्म फुगते, तिच्यावर काळे डाग पडतात आणि मधला भाग मात्र ओलसर राहतो. आपल्या घरचा ओव्हन अडीचशेच्या पुढे सहसा जात नाही. तेवढाच रंग येईपर्यंत पिझ्झा आत ठेवला की पाणी उडून जातं आणि बेस बिस्किटासारखा कडक होतो.

पण नेपल्सचा म्हणजे हलका, असं समजू नका. एका पिझ्झ्याला पिठाचा गोळा लागतो दोनशे ते अडीचशे ग्रॅमचा, कधी त्याहूनही मोठा. त्यातलं पाणी वजा केलं तरी साधारण पाच पोळ्यांची कणीक झाली. तिथली माणसं तो अख्खा एकट्याने खातात, पण तेच त्यांचं जेवण असतं. आपल्याकडे त्याआधी गार्लिक ब्रेड येतो, बरोबर कोल्ड्रिंक आणि वर चोको लावा केक.

अमेरिकेत गेल्यावर पिझ्झा अंगाने भरला. न्यूयॉर्कमध्ये 1905 च्या सुमारास लोम्बार्डीच्या दुकानापासून सुरू झालेली जात पातळ आणि मोठी. तुकडा मधोमध दुमडून चालता चालता खायचा. शिकागोचा डीप डिश 1943 चा. तो खोल भांड्यात लावतात. तळाला चीज, मध्ये सारण आणि सगळ्यात वर टोमॅटो, कारण भाजायला बराच वेळ लागतो आणि चीज वर ठेवलं तर करपेल. डेट्रॉइटचा 1946 चा. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायच्या लोखंडी ट्रेमध्ये तो भाजू लागले, असं सांगतात. चौकोनी पिझ्झा, आणि कडेपर्यंत पसरलेलं चीज ट्रेच्या भिंतीला लागून खरपूस होतं. ती खरपूस कोपऱ्याची वडी मिळावी म्हणून घराघरांत भांडणं होत असतील तर मला नवल वाटणार नाही.

लोकांना हे इतकं का आवडतं? याला जिभेचे चोचले म्हणून मोकळं होऊ नये. पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट असतं. मांसाच्या रश्श्यात जी भरीव चव लागते ती याच्यामुळे. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये तिला उमामी हे नाव दिलं. पिझ्झ्यावर ती दोन्हीकडून येते. पीठ आणि चीज भाजताना प्रथिनं आणि साखर यांची रासायनिक क्रिया होते आणि शेकडो वासाचे पदार्थ तयार होतात. तव्यावर पोळीला डाग पडला की जो वास सुटतो तोच हा प्रकार. त्यात मीठ, आणि त्यात स्निग्ध पदार्थ व पिष्टमय पदार्थ एकत्र. निसर्गात ही दोन्ही एकाच घासात क्वचित सापडतात, त्यामुळे मेंदू अशा घासाला जरा जास्तच दाद देतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांपुढे 35 पदार्थांची यादी ठेवली आणि कशापुढे हात आवरत नाही असं विचारलं. पहिला नंबर पिझ्झ्याचा आला. तेव्हा तिसऱ्या तुकड्यानंतर चौथ्याकडे हात गेला तर स्वतःला दोष देत बसू नका. खोका टेबलावरून उचलून आत ठेवा. चीजमध्ये अफूसारखं काही असतं आणि त्याची चटक लागते, अशी जी माहिती मोबाइलवर फिरते, तिच्यावर मात्र झोप घालवण्याची गरज नाही.

टॉपिंगची भांडणं मला फार करमणुकीची वाटतात. अननसाचंच बघा. हवाईयन पिझ्झा हवाईचा नाहीच. कॅनडातल्या ऑन्टारियोत सॅम पॅनोपोलोस या मूळच्या ग्रीक गृहस्थांनी 1962 मध्ये डब्यातला अननस टाकून तो केला. आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी 2017 मध्ये गमतीने म्हटलं की जमलं तर मी पिझ्झ्यावरच्या अननसावर बंदी आणीन, आणि जगभर वाद पेटला. डॉक्टर म्हणून माझा कौल अननसाच्या बाजूने. गुन्हेगार असलाच तर त्याच्या शेजारचा हॅम. हॅम, पेपरोनी, सॉसेज, सलामी, आणि गोव्यात गेल्यावर हौसेने मागवतो तो चोरीसो पिझ्झा, ही सगळी खारवलेली, प्रक्रिया केलेली मांसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडली. रोज 50 ग्रॅम खाणाऱ्यांत धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. गोव्याच्या सहलीत एकदा खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. दर शनिवारी ते मागवणाऱ्यांनी मात्र साधं चिकन किंवा मशरूम निवडावं.

आपल्याकडे मोठ्या परदेशी साखळ्या 1996 पासून आल्या आणि पनीर, मखनी, कांदा-लसूण नसलेला जैन पिझ्झा अशी आपली टॉपिंग तयार झाली. पनीर चांगलं, प्रथिनं देतं. पण पनीर टाकलं म्हणून कोणी चीज कमी करत नाही. आणि बेसच्या आतही चीज भरलेला जो प्रकार मुलांना हवा असतो, त्याबद्दल मी आडपडदा न ठेवता सांगते, तो घेऊच नका. तेवढ्या पैशात पातळ बेसचा घ्या.

मिठाचं गणित एकदा डोळ्यांखालून घाला. चौदा इंची साध्या चीज पिझ्झ्याच्या एका तुकड्यात साधारण 285 कॅलरी आणि 640 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दीड ग्रॅमहून जास्त मीठ. प्रौढ माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत मीठ पुरे. तीन तुकड्यांत तो कोटा जवळजवळ संपला, आणि वरून ओरेगॅनो मसाल्याच्या पुड्या शिंपडायच्या असतात त्या वेगळ्या. रक्तदाबाच्या, हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांसाठी पिझ्झ्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

दूध पचत नाही म्हणणाऱ्यांना मोझरेला बहुधा सोसतं, कारण त्यात लॅक्टोज थोडंच उरतं. मुरलेल्या पार्मेझानमध्ये तर जवळजवळ नसतंच. मात्र क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर असं जुनं मुरलेलं चीज टाळा, त्याने रक्तदाब एकदम चढू शकतो. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रात्री उशिरा पिझ्झा खाऊन लगेच आडवं होऊ नये. आणि सगळ्यांनीच डबा उघडल्याबरोबर तुटून पडू नये. वितळलेलं चीज उष्णता धरून ठेवतं आणि टाळूला चिकटतं. वरून थंड वाटणाऱ्या तुकड्याने टाळू सोललेली पोरं माझ्याकडे येतात.

घरी करत असाल तर बाजारचा केचप फासू नका. टोमॅटो, लसूण आणि चमचाभर तेल घालून सॉस आटवा. टोमॅटोतलं लायकोपीन शिजवून, तेलाबरोबर खाल्लं की अंगी जास्त लागतं. विकतचं चीज घेताना पाकिटावर वनस्पती तेल लिहिलंय का तेही वाचा. आणि नाचणीचा बेस करून त्यावर चीजचा डोंगर रचायचा, यापेक्षा मैद्याचा पातळ बेस आणि निम्मं चीज परवडलं.

राहता राहिले मधुमेही, आणि त्यांच्यासाठी पिझ्झा सगळ्यात फसवा. भात खाल्ला की साखर लवकर चढते आणि दोन तासांच्या तपासणीत सापडते. पिझ्झ्यातल्या चीजमुळे पोट हळू रिकामं होतं, स्निग्ध पदार्थांमुळे इन्सुलिनचा प्रभावही कमी होतो. म्हणून दोन तासांनी आकडा ठीक दिसतो, माणूस निश्चिंत होतो, आणि साखर रात्री चढून तासन् तास तशीच राहते. जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर तर आधी उतरू शकते आणि मग उशिरा चढते. म्हणून रात्री दहाला नको, संध्याकाळी सातला खा. आधी काकडी-टोमॅटोची मोठी वाटी, मग दोन तुकडे, कोल्ड्रिंक नाही. दोन तासांनी आणि पुन्हा पाच तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. इन्सुलिनचा डोस मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका. ते दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला तुमच्या डॉक्टरांना दाखवा.