मे महिन्यातला स्लॅब

विदर्भात घराचा स्लॅब बहुतेकदा भर उन्हाळ्यात पडतो. पावसाआधी छप्पर हवं, ही घाई. अकोल्यात माझ्या धाकट्या भावाच्या घराचा स्लॅबही मेमध्येच पडला, आणि ठेकेदाराने तो भर दुपारी टाकला. पारा 44 च्या पुढे, त्यात झोंबणारा वारा. गिट्टीला हात लावता येत नव्हता. माल घट्ट होतोय म्हणून मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सुरूच. संध्याकाळी वर गेलो तर हातभर लांबीच्या तिरक्या भेगा, जवळजवळ समांतर. दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंटचं पाणी फिरवून त्या झाकल्या गेल्या. पावसाळ्यात छत नेमकं तिथेच गळलं.

घरात सगळ्यांनी सिमेंटला दोष दिला. सिमेंट चांगलंच होतं. ओल्या काँक्रीटमधलं पाणी हळूहळू वर येत असतं. ऊन-वारा ते त्याहून वेगाने उडवू लागले की न धरलेला वरचा थर आकसून फाटतो. तासाला चौरस मीटरमागे किलोभर पाणी उडू लागलं की धोका आलाच, आणि त्यात वाऱ्याचा वाटा फार मोठा. ताकदीचंही तसंच. गरम माल लवकर कडक होतो, म्हणून मालक खूश होतो. पण 28 दिवसांनी तो कमी भरतो. वरून ओतलेलं पाणी त्याला आणखी कमजोर करतं.

म्हणून स्लॅब संध्याकाळी उशिरा किंवा रात्री टाका. गिट्टी सावलीत ठेवून आदल्या दिवसापासून भिजवा, सेंटरिंगचे पत्रे पाणी मारून थंड करा, टाकीत बर्फाच्या लाद्या सोडा. टाकताना माल 40 अंशांच्या आत हवा. जेवढा भाग घोटून होईल तेवढा लगेच प्लॅस्टिकने झाका. भेग दिसलीच, तर माल ओला असतानाच पुन्हा घोटा. तेवढाच वेळ हातात असतो.

पाणी मारण्यात तर अजिबात सूट देऊ नका. कोरड्या उन्हात किमान 10 दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल, हल्ली बहुतेक तेच असतं, तर 14 दिवस स्लॅब सतत ओला हवा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही. वाफे करून पाणी साठवा. आमच्याकडे मेमध्ये पाण्याचीच मारामार, तेव्हा आधी टँकरवाल्याशी पक्कं बोला, मग स्लॅबची तारीख ठरवा. पाण्याची सोय होत नसेल, तर काम दिवाळीनंतर काढा.