पाण्यावर राबणाऱ्यांनी अंग कोरडे करावे

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात भिजण्याने होणाऱ्या विकारांवर लिहिले तर काही वाचक हसतील. परंतु पाऊस बरा झाला की एखाद्या पहाटे रेणा मध्यम प्रकल्पाच्या काठी जाऊन पाहावे. थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकची हवा भरलेली ट्यूब, हातात लहानसे वल्हे आणि आदल्या संध्याकाळी टाकलेले जाळे ओढणारा माणूस दिसेल. वरून पाऊस, खालून पाणी. चार-पाच तास तो असा भिजलेलाच असतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक चाळिशीतला मच्छीमार दवाखान्यात आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अंग लई मोडून आलंय. एक इंजेक्शन द्या, उद्या जाळं काढायचंय." ताप तीन दिवसांचा होता. दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या चालू होत्या. डोळे लालभडक होते. पोटऱ्या दाबताच तो कळवळला. लघवीचे विचारले तेव्हा म्हणाला, "कालपासून झालीच नाही म्हणा ना." त्याला त्याच दिवशी लातूरला पाठवले. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला आणि मूत्रपिंडांवर परिणाम होऊ लागला होता. सुदैवाने तो बरा झाला. आणखी दोन दिवस गोळ्यांवर काढले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

हा रोग काय आहे? त्याचे जंतू उंदीर, घुशी, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर तळ्याच्या कडेला, चिखलात येतात. कोकणात भातलावणी करणाऱ्यांना तो पावसाळ्यात होतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्या अनेकांना तो झाला. धड व कोरड्या कातडीतून हे जंतू सहसा आत शिरत नाहीत. मात्र तासन्‌तास भिजून पांढरी आणि मऊ पडलेली कातडी, जाळ्याच्या दोऱ्याने कापलेले बोट, माशाचा काटा लागलेली जागा आणि बोटांच्या बेचक्यातील चिखल्या ही त्यांना उघडी दारेच होत. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर रोगी ती जखम विसरूनही गेलेला असतो.

भिजण्याचा दुसरा त्रास गारठ्याचा. आपल्याकडे थंडी ती काय, असे आपण म्हणतो. पण हवेपेक्षा पाणी अंगातील उष्णता सुमारे पंचवीस पटीने लवकर ओढून घेते. ओले कपडे आणि वर वारा असला की श्रावणातही माणूस कुडकुडतो, बोटे बधिर होतात, वल्हे व दोर नीट धरता येत नाही. अशा वेळी तराफा उलटला तर पट्टीचा पोहणाराही घाबरतो. थंड व पावसाळी समुद्रकिनाऱ्यांवर कयाक नावाची अरुंद होडी एकट्याने वल्हवणारे लोक असतात. हवा कशी आहे यापेक्षा पाणी किती गार आहे हे पाहून ते कपडे घालतात, अंगात तरंगणारे जाकीट ठेवतात आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बरोबर नेतात. आपल्या मच्छीमारानेही जाकीट वापरावे. कपड्यांसाठी खताच्या पिशवीतील धुतलेला आतला प्लॅस्टिक कागदही चालेल.

गारठा जावा म्हणून काहीजण दारू घेतात. ही चूक महागात पडते. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि अंगातील उष्णता अधिकच बाहेर जाते. त्यापेक्षा गूळ घातलेला गरम चहा बरा.

सर्वांत महत्त्वाचा तो घरी आल्यानंतरचा अर्धा तास. मासळी बाजारात पोचवण्याची घाई असते हे खरे, पण तेवढा वेळ काढलाच पाहिजे. हात-पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावेत. बोटांच्या बेचका फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. ओरखडा, काटा लागलेली जागा रोज पाहावी, जखम धुवून झाकावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे की नाही हे विचारून घ्यावे. बूट किंवा चप्पल उन्हात अथवा चुलीपासून थोडे दूर वाळवावी. रात्री पाय उघडे व कोरडे असू द्यावेत.

चिखल्यांना क्लोट्रिमाझोलसारखे साधे मलम चालते, पण खाज थांबली तरी ते दोन ते चार आठवडे लावावे लागते. दुकानात मिळणारी, तीन-चार औषधे मिसळलेली मलमे मात्र घेऊ नयेत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आत वाढत राहतो आणि पुढे कोणत्याच औषधाला लवकर दाद देत नाही. अशा चिवट नायट्याचे रोगी अलीकडे आम्हाला फार दिसतात.

पाण्यात काम करणाऱ्या माणसाला ताप आला, डोके ठणकू लागले, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि "मी पाण्यात काम करतो" हे आपणहून सांगावे. ताप उतरेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही धोक्याची चिन्हे होत. तेव्हा थेट मोठे रुग्णालय गाठावे. हा रोग वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. रोग होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्याही आहेत, परंतु त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

घरच्या मंडळींनीही दारात आलेल्या भिजल्या माणसाच्या हाती आधी कोरडा पंचा द्यावा. मासळीचा हिशेब नंतर विचारावा.