मुका मार आणि वीस बाजूंचा फासा



मागच्या जुलैत सलग चार दिवस पावसाची झड लागली होती. मैदानात पाणी साचले, म्हणून खेळाच्या तासाला नववीच्या मुलांना वाचनालयात बसू दिले. फेरी मारताना मी आत डोकावलो, तर एका टेबलाभोवती सहा मुले आणि मध्ये कागद, पेन्सिली, रंगीत फासे. फासे पाहून माझ्या मनात आधी द्यूत आले, हे कबूल करतो. पण पैशांचा काही संबंध नव्हता. एक मुलगा सूत्रधार होऊन गोष्ट सांगत होता. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे झाले होते. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी जादूगार. "मी दार फोडतो" असे एकाने म्हणायचे आणि दार फुटले की नाही ते फाशाने ठरवायचे. खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकाच्या मोठ्या भावाने नियमांचे पुस्तक आणून दिले होते.

योद्धा झालेल्या मुलाच्या कागदावर बरीच खाडाखोड होती. शेवटी आकडा उरला होता २. मी विचारले, "हे काय आहे?"

"हिट पॉइंट्स, सर. तेवीस होते, आता दोन राहिले."

"मग तुझा योद्धा आता लंगडत असेल, हात थरथरत असेल?"

"नाही सर. शून्य होईपर्यंत काहीच होत नाही."

हे वाक्य मला लागले. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी हा आकडा कुठून आला ते पाहू.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही त्याआधी टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढायांचे खेळ खेळत. त्या लढायांत साधा सैनिक एका फटक्यात बाद होई. शंभर सैनिकांतला एक गेला तर कोणाला वाईट वाटणार? पण खेळाडूने एकाच पात्राला नाव दिले, त्याची गोष्ट रचली, की एका फटक्यात त्याचे मरण नकोसे होते. म्हणून आर्नेसन यांनी हिट पॉइंट्सची पद्धत आणली. अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या लढाईसाठी त्यांनी पूर्वी नियम केले होते, ही कल्पना त्यातूनच घेतली, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले.

म्हणजे मूळ हिशेब जहाजाचा. जहाजाला एक भोक पडले तरी तोफा चालू राहतात. पुरेशी भोके पडली की जहाज बुडते. जहाजाला वेदना होत नाही. माणसाला हा हिशेब लावला की दोन पॉइंट उरलेला योद्धा तेवीस पॉइंटवाल्या योद्ध्याइतक्याच जोराने तलवार चालवतो. गायगॅक्स यांनाही हे खटकत असावे. १९७९ च्या पुस्तकात त्यांनी स्पष्टीकरण दिले की हे पॉइंट म्हणजे केवळ शरीराची सहनशक्ती समजू नये, त्यात कौशल्य आणि नशीबही आले.

दुसऱ्या खेळकर्त्यांनी दुसरे मार्ग शोधले. १९७७ च्या ट्रॅव्हलर या अंतराळ-खेळात जखम झाली की पात्राची शक्ती, चपळाई किंवा सहनशक्ती कमी होते. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये शरीराचे सात भाग केले आहेत : डोके, छाती, पोट, दोन हात, दोन पाय. मार कुठे लागला हे फाशाने ठरते आणि पाय गेला तर पात्र उभे राहू शकत नाही. १९८१ च्या कॉल ऑफ क्थुलू या भयकथेच्या खेळात मनाचाही हिशेब ठेवतात. भयानक काही पाहिले की मनःस्वास्थ्याचे पॉइंट घटतात. शरीरावर ओरखडा नसला तरी माणूस आतून खचलेला असू शकतो, हे त्या नियमाला माहीत आहे.

मला सर्वांत पटला तो २०१३ च्या फेट कोअर या खेळाचा नियम. त्यात मोठी दुखापत आकड्यात मांडत नाहीत, शब्दांत लिहितात. उदाहरणार्थ 'डावा घोटा मुरगळला'. कागदावर लिहिली म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांना ती माहीत झाली. पुढच्या प्रत्येक प्रसंगात ती आड येऊ शकते. आणि नुसता वेळ गेला म्हणून ती पुसता येत नाही. आधी कोणीतरी उपचार केला पाहिजे, मगच बरे होण्याचा काळ मोजायला सुरुवात होते.

आता माझी गोष्ट. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या वार्षिक क्रीडा सप्ताहात खो-खोचा सामना होता. तेव्हा आठवीत असलेला एक मुलगा खुंटाजवळ घसरला आणि हातावर पडला. मी रेषेपाशी उभा होतो. मी मोठ्याने म्हणालो, "काही झालं नाही, ऊठ!" तो उठला. सामना पूर्ण खेळला. त्याचा संघ जिंकला आणि मी त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंच्या लक्षात आले की हा डाव्या हाताने लिहितो आहे. क्ष-किरण तपासणीत मनगटाजवळचे हाड मोडलेले निघाले. डॉक्टरांनी त्याला विचारले, "दोन दिवस बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "सर म्हणाले, काही झालं नाही."

पाच आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. हात नीट जुळला, ही देवाची कृपा. जुलैत वाचनालयात "शून्य होईपर्यंत काहीच होत नाही" असे मला सांगणारा योद्धा म्हणजे हाच मुलगा. त्याने ते खेळाच्या नियमाबद्दल म्हटले होते. मला मात्र ते माझ्याच मैदानावरच्या नियमासारखे ऐकू आले. जोवर मूल कोसळत नाही तोवर त्याला काही झालेले नाही, हा नियम मी केला होता.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत ज्याला 'गुम चोट' म्हणतात त्याला मराठीत 'मुका मार' असा शब्द आहे. घरी आजीच्या तोंडून तो कितीदा ऐकला होता, पण त्याचा अर्थ त्या दिवशी नीट कळला. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, म्हणून तो मार मुका. तो स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. एक तर ज्याला लागले त्याने, नाही तर जवळच्याने.

बरे होण्याबद्दलही हे खेळ काही शिकवतात. १९७९ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत पात्र कितीही जखमी असले तरी सलग चार आठवड्यांच्या विश्रांतीने पूर्ण बरे होत असे. २०१४ च्या आवृत्तीत आठ तासांची दीर्घ विश्रांती घेतली की सगळे पॉइंट परत मिळतात. गोष्ट थांबू नये म्हणून ही सोय केलेली आहे. खेळात ती चालते. पण मुलांनो, मोडलेले हाड जुळायला आठवडे लागतात आणि ते सामन्याची तारीख पाहून जुळत नाही. गंमत अशी, की या बाबतीत जुने पुस्तक आपल्या डॉक्टरांच्या अधिक जवळ आहे.

त्या २०१४ च्या पुस्तकातला एक नियम मात्र प्रत्येकाने समजून घ्यावा. पॉइंट शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडते. मग आपल्या प्रत्येक पाळीला त्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर यश, लहान आला तर अपयश. आधी तीन यशे मिळाली तर प्रकृती स्थिर, आधी तीन अपयशे आली तर मृत्यू. (१ आणि २० या आकड्यांना वेगळे नियम आहेत, ते सध्या बाजूला ठेवू.) वीसपैकी अकरा आकडे यशाचे, म्हणजे एका फाशाला यशाची शक्यता ५५ टक्के. सगळे गणित केले तर वाचण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के येते. म्हणजे एकट्या पडलेल्या शंभरांतले चाळीसेक दगावतात.

पण सोबत्याने लढाई सोडून, आपली एक पाळी खर्च करून, उपचारपेटी घेऊन पडलेल्याजवळ जायचे ठरवले तर? तर फासा टाकावाच लागत नाही. पात्र तिथेच स्थिर होते. ५९ चे थेट १०० टक्के, आणि तेही कोणत्याही जादूशिवाय. खऱ्या आयुष्यात अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तरी कोणीतरी वेळेवर जवळ जाण्याने फरक पडतो, ही गोष्ट खरीच आहे. त्या जानेवारीत मैदानावर दीडशे माणसे होती आणि पडलेल्या मुलाजवळ एकही गेले नाही, कारण प्राचार्यांनीच 'काही झालं नाही' असा निकाल दिला होता.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने या वर्षी आपण तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, प्रथमोपचार पेटी कार्यालयातल्या कपाटात न ठेवता खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला ठेवली जाते. दोन, दुखापतींची वही केली आहे. कोणाला, कुठे, कसे लागले ते त्याच दिवशी शब्दांत लिहायचे आणि घरी कळवायचे. तीन, पडलेल्या मुलाला "ऊठ" म्हणण्याआधी जवळ जाऊन "कुठं लागलं?" असे विचारायचे. तिसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही, पण सवय लागायला तीच सर्वांत अवघड आहे. मी अजून शिकतो आहे.

पालकांना विनंती. हातापायाला सूज आली, हालचाल होईना किंवा दुखणे कमी होईना, तर घरी चोळत बसू नका, आधार देऊन हात-पाय स्थिर ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागला असेल तर मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट रुग्णालयात न्या. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लहान मुलांनाही पाठ असू द्या. आणि "मुलीसारखा रडतोस काय" हे वाक्य आपल्या घरांतून कायमचे जाऊ द्या. त्याने मुलगा शूर होत नाही, तो फक्त लपवायला शिकतो.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय :

१. आठवी ते दहावी : एका फाशाला यशाची शक्यता ५५ टक्के धरून तीन अपयशांच्या आधी तीन यशे मिळण्याची शक्यता काढा. (सूचना : जास्तीत जास्त पाच फासे पुरतात. का, तेही लिहा.)

२. सर्व वर्ग : तुमच्या आवडत्या खेळात, मग तो मैदानी असो, टेबलावरचा असो की संगणकावरचा, दुखापत कशी दाखवतात? त्यातले काय खरे, काय सोयीचे? दहा ओळी लिहा.

३. आपल्या आजी-आजोबांकडून मार, जखम, इजा, दुखापत, मुका मार, लचक, मुरगळणे, खरचटणे या शब्दांतला फरक समजून घ्या. शब्द माहीत असला की डॉक्टरांना नेमके सांगता येते.

योद्धा झालेला मुलगा आता पुन्हा खो-खो खेळतो. गेल्या महिन्यात सरावात एक लहान मुलगी पडली, तेव्हा धावपळ थांबवून तो सर्वांत आधी तिच्याजवळ गेला. गुडघा नुसता खरचटला होता. तरीही त्याने वहीत नोंद करून घेतली.