वेळेवर लावलेले ठिगळ

वाचन : मार्क २:२१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-३९

विरारजवळील अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळी बांधव जाळी पसरून सांधीत बसलेले दिसतात. तुटलेल्या जागेतून मासा निसटतो एवढेच नव्हे, तर कडेच्या गाठींवर ताण येऊन जाळे पुढे फाटत जाते, हे त्यांस ठाऊक असते. सांधलेला दोरा निराळ्या रंगाचा दिसला म्हणून कोणी त्यांस हसत नाही.

वस्त्राचाही नियम हाच आहे. कापड म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांची वीण होय. एक धागा तुटला की त्याचा भार शेजारच्या झिजलेल्या धाग्यांवर पडतो आणि तेही तुटू लागतात. भिजून जड झालेले वस्त्र आपटले व पिळले म्हणजे बोटभर फट वीतभर होते. म्हणून आधी शिवावे, मग धुवावे. त्याहूनही बरे असे की, कोपर, गळा व काठ अधूनमधून उजेडासमोर धरून पाहावे. विरळ जागा दिसताच फाटण्यापूर्वीच ठिगळ लावावे. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार?

तुकडा कसा असावा? कोरे सुती कापड पाण्यात आटते, आणि आटताना भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. मार्कातील दाखला ह्याच अनुभवावर उभा आहे. म्हणून तुकडा धुतलेल्या, वापरलेल्या, पण मजबूत कापडाचा घ्यावा. तो भोकाहून चहूकडे दोन बोटे मोठा, चांगल्या कापडापर्यंत पोहोचेल असा कापावा. कोपरे गोल करून कडा दुमडाव्या, उभा धागा उभ्या धाग्यास जुळवावा व बारीक धावदोरा घालावा. दोरा फार ओढू नये; ओढल्यास चुण्या पडतात.

ठिगळ दिसेल, अशी चिंता कोणी करील. दिसू द्यावे. आपल्या घरची गोधडी विजोड तुकड्यांचीच असते, तरी तिची ऊब कमी होत नाही. गाडगे महाराज (१८७६-१९५६) चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून गावोगाव हिंडले. लोक त्यांस गोधडे महाराज म्हणत, तरी त्यांच्या शब्दाचे वजन घटले नाही. महायुद्धात कापडाची टंचाई पडली तेव्हा १९४३ साली इंग्लंडच्या सरकारनेही जुने कपडे कसे सांधावे हे शिकवणारे पुस्तक छापले.

फाटक्या वस्त्रामुळे कित्येक जण सभेस येण्यास संकोचतात. काही ठिगळाच्या लाजेने वस्त्र न सांधता टाकून देतात व नव्यासाठी कर्ज काढतात. उपदेशक बंधूंनो, आपल्या सदऱ्यावरील ठिगळ झाकू नका. ते पाहून गरिबास धीर येईल. यापो येथील टबीथेची साक्ष तिने विधवांसाठी शिवलेल्या वस्त्रांनीच दिली. मंडळीत ज्यांची दृष्टी मंद झाली आहे अशा वृद्धांची वस्त्रे कोणी सांधून दिली, तर तीही सेवाच होय.

प्रश्न :
१. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास का लावू नये?
२. धुण्यापूर्वी शिवावे ते का?
३. ह्या आठवड्यात आपण कोणाचे वस्त्र सांधून देऊ शकाल?