ओबीडी अडॅप्टर कनेक्ट होत नाही? आधी तुटलेली कडी शोधू या



आपल्या कोरेगाव, रहिमतपूर, वाठार भागात बरेच शिक्षक आणि पालक जुनी घेतलेली चारचाकी वापरतात. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की पहिला प्रश्न मनात येतो तो खर्चाचा. हा दिवा का लागला, ते मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र म्हणजे ओबीडी अडॅप्टर. हल्ली ते ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. पण लावल्यावर अनेकांना 'कनेक्ट होत नाही' एवढाच संदेश दिसतो. मग कोणी अडॅप्टर टाकून देतं, तर कोणी गाडीचा कॉम्प्युटरच गेला म्हणून घाबरतं. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. चला तर मग, नीट क्रमाने पाहू या.

हे यंत्र काय करतं?

गाडीतला कॉम्प्युटर (ईसीयू) इंजिनच्या सेन्सरवर लक्ष ठेवतो आणि बिघाड दिसला की त्याचा एक कोड साठवून ठेवतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात अडॅप्टर बसतो आणि गाडीची भाषा मोबाइलला समजेल अशी करून सांगतो. थोडक्यात, तो दुभाषी आहे.

भारतात बीएस-४ सोबत एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसलं तरी ती कंपनीची स्वतःची वेगळी भाषा बोलत असू शकते.

स्वस्त अडॅप्टरवर बहुधा 'ईएलएम ३२७' असं लिहिलेलं असतं. ही मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, त्यामुळे बाजारात नकला आल्या. अनेक नकला स्वतःची आवृत्ती १.५ सांगतात, पण मूळ कंपनीने १.५ आवृत्ती कधी काढलीच नव्हती! म्हणून नक्कल म्हणजे निकामी असं नाही. फक्त काही नकलांना सगळ्या गाड्यांच्या भाषा येत नाहीत.

चार कड्यांची साखळी

वर्गात मुलाचा भागाकार चुकला तर आपण लगेच 'याला गणित येत नाही' म्हणत नाही. पाढा चुकला, वजाबाकी चुकली की भाग जात नाही तिथे शून्य द्यायचं राहिलं, ते बघतो. इथेही तसंच करायचं.

१) वीज. अडॅप्टरवरचा दिवा लागतो का? नसेल तर तो घट्ट बसलाय का ते बघा. मग ओळखीच्या दुसऱ्या गाडीत लावून बघा. तिथेही दिवा लागला नाही तर अडॅप्टर खराब. तिथे लागला तर आपल्या गाडीचा फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत हे सॉकेट आणि मोबाइल चार्जिंगचं १२ व्होल्टचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतं. चार्जरही बंद असेल तर संशय फ्यूजवरच घ्यायचा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका. पिन १६ वर बॅटरीचा प्लस आणि पिन ४ वर अर्थ असतो. मीटर लावून तपासायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

२) मोबाइल आणि अडॅप्टर. इथे प्रकार ओळखणं महत्त्वाचं.
- साधा ब्लूटूथ अडॅप्टर: अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये पेअर करा. पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. हा प्रकार आयफोनवर चालत नाही.
- ब्लूटूथ एलई अडॅप्टर: आयफोनवर चालतो. तो सहसा सेटिंगमधून नाही, थेट ॲपमधून निवडायचा असतो.
- वायफाय अडॅप्टर: त्याच्या वायफायला जोडल्यावर फोन 'इंटरनेट नाही' म्हणतो. घाबरू नका, ते बरोबरच आहे. मोबाइल डेटा थोडा वेळ बंद ठेवा. ॲपमध्ये पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो.

३) ॲप आणि अडॅप्टर. ॲपला परवानगी दिली आहे का? अँड्रॉइड १२ पासून 'जवळपासची उपकरणं' ही परवानगी लागते, त्याआधीच्या फोनवर लोकेशन. ॲपच्या सेटिंगमध्ये अडॅप्टरचा प्रकार आणि नाव बरोबर निवडा. गाडीच्या म्युझिक सिस्टिमचं ब्लूटूथ वेगळं, ते निवडू नका. एका वेळी एकच ॲप चालू ठेवा. घरातल्या दुसऱ्या फोनने आधीच अडॅप्टर धरून ठेवला असेल तर तुमचा फोन बाहेरच राहणार.

४) अडॅप्टर आणि गाडी. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. सॉकेटला बॅटरीची वीज बहुधा कायम असते, म्हणून चावी नसतानाही अडॅप्टरचा दिवा लागतो. पण गाडीचा कॉम्प्युटर झोपलेला असतो. चावी 'ऑन'वर हवी. बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लच न दाबता, डॅशबोर्डचे दिवे लागेपर्यंत बटण दाबा. ॲपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो' ठेवा.

तिसरी तुटली की चौथी?

बहुतेक वेळा प्रश्न इथेच अडतो. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. टर्मिनल असलेल्या ॲपमध्ये 'एटीझेड' ही इंग्रजी अक्षरं पाठवा. अडॅप्टरने आपलं नाव आणि आवृत्ती सांगितली, म्हणजे पहिल्या तीन कड्या शाबूत. आता '०१००' पाठवा. '४१ ००' ने सुरू होणारं उत्तर आलं, म्हणजे गाडीही बोलते आहे आणि अडचण फक्त ॲपच्या सेटिंगची आहे. 'अनेबल टू कनेक्ट' आलं तर चौथी कडी. मग अदलाबदल करा: आपला अडॅप्टर २०१३ नंतरच्या दुसऱ्या गाडीत आणि दुसऱ्याचा चालणारा अडॅप्टर आपल्या गाडीत. दोष कोणाचा, ते बहुतेक वेळा इथे कळतंच.

एक नियम कटाक्षाने पाळा: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. फोन, ॲप, प्रोटोकॉल सगळं एकदम बदललं तर कनेक्ट झाल्यावरही कशामुळे झालं ते कळत नाही. आपल्या तालुक्यातल्या सातारा रोडला कूपरची डिझेल इंजिनं बनली. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की जाणती माणसं आधी टाकीत डिझेल बघायची, मग नळीत हवा धरली का ते बघायची. थेट इंजिन उघडत नसत.

कनेक्ट झाल्यावर

- कोड आधी लिहून घ्या, लगेच पुसू नका. पुसला की दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो, आणि मेकॅनिकच्या हातातला पुरावाही जातो.
- कोड बिघाडाची जागा सुचवतो. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच बदलायचा असं नाही. वायर किंवा कनेक्टरही सैल असू शकतो.
- तपासणी गाडी उभी करून, हँडब्रेक लावूनच करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.
- काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. तो पायाजवळ येतो, बॅटरी खातो, आणि सोप्या पिनमुळे दुसरा कोणीही त्याला जोडू शकतो.

वर्गासाठी उपक्रम

पाचवी ते सातवीच्या मुलांना बॅटरी, वायर, बटण आणि छोटा बल्ब द्या. एका गटाच्या जोडणीत मुद्दाम एक दोष ठेवा. वहीत तीन रकाने आखायला सांगा: काय तपासलं, काय दिसलं, त्यावरून काय ठरलं. बल्ब कोणी आधी पेटवला याला गुण देऊ नका. दोष कुठे होता आणि तो तिथेच आहे हे कसं ओळखलं, हे जो नीट सांगेल त्याला द्या. हीच सवय मोठेपणी मुलांना गॅरेजमध्ये, शेतात आणि घरातही उपयोगी पडेल.