शिक्षकवर्गाचे सामाईक उद्दिष्ट

जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे शिक्षकांची पहिली सभा भरते. विषयवाटप होते, वार्षिक नियोजन वाचले जाते, आणि इतिवृत्ताच्या वहीत ‘शाळेचा दर्जा उंचावण्यासाठी सर्वांनी कसोशीने प्रयत्न करावेत’ असा ठराव उतरतो. पुढील वर्षी तोच ठराव पुन्हा लिहिला गेला तरी कोणाला वावगे वाटत नाही. कारण तो तडीस गेला की नाही, हे सांगण्याचे साधनच त्यात नसते.

याची झळ अखेर एखाद्या मुलास लागते. चौथीत बसूनही ज्यास साधा परिच्छेद वाचता येत नाही, असे मूल पुष्कळ शाळांत आढळते. चौथीचे गुरुजी म्हणतात, पाया कच्चा राहिला. तिसरीचे म्हणतात, ते तसेच वर आले. पहिली-दुसरीच्या बाई म्हणतात, त्याची हजेरीच नव्हती. तिघांचेही म्हणणे खरे असू शकते. परंतु ते मूल तिघांच्या मध्ये उभे राहते आणि कोणाच्याच कामात मोडत नाही. ते सर्वांच्या कामात मोडावे, यासाठीच सामाईक उद्दिष्टाची गरज आहे.

ध्येय पुष्कळदा वरून येते. केंद्र शासनाने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, तेव्हा तिसरीच्या अखेरीस प्रत्येक बालकास समजून वाचता यावे व मूलभूत अंकगणित यावे, हे साध्य होण्यास २०२६-२७ ही मुदत घातली. एवढे मोठे ध्येय एखाद्या चार शिक्षकी शाळेने जसेच्या तसे भिंतीवर रंगविले, तर ते भिंतीवरच राहील. त्याचे शाळेपुरते रूप असे असावे : ‘तिसरी-चौथीतील ज्या अकरा मुलांना आज परिच्छेद वाचता येत नाही, त्या सर्वांना दिवाळीच्या सुटीपूर्वी तो वाचता यावा.’ यात संख्या आहे, मुदत आहे, आणि शेजारी अकरा नावे लिहिता येतात.

संख्येने काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी शाळेबाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात जंगलातून ओंडके वाहणाऱ्या मालमोटारी कायद्याने ठरविलेल्या कमाल वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरल्या जात. चालकांना तोवर ‘होईल तितके चांगले करा’ एवढेच सांगितलेले होते. लॅथम व बाल्डिस या संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्यापुढे ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. बक्षीस ठेवले नव्हते. तसेच उद्दिष्ट न गाठल्यास कोणासही शिक्षा होणार नाही, असे सांगितले होते. पहिल्या महिन्यात प्रमाण ८० टक्क्यांवर गेले, दुसऱ्या महिन्यात ते ७० पर्यंत घसरले. दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे चालक जणू पारखून पाहत होते. कोणी त्यांना जाब विचारला नाही, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस प्रमाण ९० च्या पुढे गेले.

मुले म्हणजे ओंडके नव्हेत, हे उघडच आहे. तथापि त्या दुसऱ्या महिन्याचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकांनी करण्यासारखा आहे. ऑगस्टच्या सभेत अकरांपैकी एकाच मुलाची प्रगती दिसली आणि त्या शिक्षकास चारचौघांत बोल लावला गेला, तर सप्टेंबरच्या नोंदीत सात मुले वाचू लागलेली दिसतील. ती वाचत असतीलच असे नाही. धाकाने नोंदवही सुधारते, वाचन नव्हे. आणि नोंदवहीत ‘वाचते’ म्हणून गेलेल्या मुलाकडे मग कोणी वळूनही पाहत नाही.

म्हणून मासिक सभेत आकड्याआधी मुलाविषयी बोलावे. हे मूल जोडाक्षरापाशी अडते की वेलांटीपाशी? कोणत्या शिक्षकापाशी ते मोकळेपणाने बोलते? पहिलीच्या बाईंना अक्षरओळखीची हातोटी असेल, तर चौथीतील दोन मुले रोज अर्धा तास त्यांच्याकडे बसविण्यात कमीपणा कसला? त्या वेळी चौथीच्या गुरुजींनी पहिलीच्या वर्गास गोष्ट सांगावी. अशी अदलाबदल मुख्याध्यापकांच्या हुकमाने एक आठवडा चालते. शिक्षकांनी आपसांत ठरविली तर पुष्कळ दिवस टिकते.

मुदत ठरविताना मात्र गावाचे पंचांग पाहिले पाहिजे. ज्या गावांतून ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात, तेथे दिवाळीची मुदत उपयोगाची नाही. आईबापांबरोबर मूल कारखान्यावर गेले की ते मार्च-एप्रिलशिवाय परतत नाही. तेथील शाळेने दसऱ्याची मुदत धरावी, आणि जाणाऱ्या मुलांना यादीत सर्वांत वर ठेवावे. मूल गावी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकेल काय, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनी टोळी निघण्यापूर्वीच त्या घरी जाऊन विचारावे. तरीही मूल गेलेच, तर त्याचे नाव यादीतून खोडू नये. परत आल्यावर ते कोठे अडत होते, हे त्या नावापुढे लिहिलेले सापडले पाहिजे.